कुसगावच्या राणीचं पांढरं रक्त

१

तर ऐका. मधे कुणी बोलायचं नाही, कारण एकदा थांबले तर मला परत सुरू करता येणार नाही.

सोमवारची सकाळ. साडेसातला मी दवाखान्याचं शटर अर्धं वर केलंय, हात अजून कुलपावरच, आणि फोन वाजला.

"बाय, राणीला कुणीतरी घातलं."

एवढंच. पुढे नुसता श्वास ऐकू येतोय. आवाज ओळखीचा होता, कुसगावच्या महिपती आबांचा.

"काय घातलं आबा?"

"इख. दुसरं काय? तोंडातनं लाळ चाललीया, मान टाकलीया, उठंना. डाक्टरीणबाईला घिऊन या. लवकर या गं पोरी."

राणी म्हणजे आबांची गाढवी. प्रितम, हस. आत्ता हसून घे, पुढे जमणार नाही.

तुम्हाला माहितीये माझं डिप्लोमाचं प्रॅक्टिकल चालूये, देहूरोडहून रोज लोणावळ्याच्या बाजूला, जनावरांच्या दवाखान्यात. तिथल्या माझ्या मॅडम म्हणजे डॉक्टर यशोधरा गायकवाड. पन्नाशीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेले, आणि प्रश्न असे विचारतात की समोरच्याला वाटावं आपली तोंडी परीक्षा चालूये. मागे एका गोठ्यातली म्हैस अचानक आटली, तर मॅडमनी म्हशीकडे बघायच्या आधी शेजारच्या मंडपातला स्पीकर कधी बसवला ते विचारलं. आणि तेच निघालं! स्पीकर हलवला, म्हैस दुधावर आली. तेव्हापासून मी त्यांची फॅन आहे.

मॅडम आल्या, मी मागे बसले, स्कूटी थेट कुसगावात. डोंगराच्या अंगाला एक मोठं रिसॉर्ट आहे, त्याच्या कंपाऊंडला लागून आबांचं घर आणि पत्र्याचं छप्पर. छपराखाली राणी. करडा रंग, खांद्यावर काळा पट्टा, आणि जाड, म्हणजे इतकी जाड की मानेवरची चरबी एका बाजूला कललेली. वर गाभण, सात-आठ महिन्यांची. खालचा ओठ लोंबत होता, आणि डोळ्याचं पांढरं हळदीसारखं पिवळं.

भोवती पंधरा-वीस माणसं. आबा तिच्या डोक्याशी उकिडवे बसलेले. आम्हाला बघून ते पटकन उठले आणि तसेच परत खाली बसले, कुणीतरी पाय ओढून घेतल्यासारखे. त्यांची पँट कमरेला सुतळीनं बांधलेली होती.

"त्यानंच केलं," आबा कंपाऊंडकडे हात करून म्हणाले. "त्या अतुल म्यानेजरनं. समद्यांम्होरं म्हणला हुता, येक दिस हिचा बंदोबस्त करतो."

मॅडम राणीपाशी खाली बसल्या. राणीचं तोंड उघडलं, जीभ पाहिली, वास घेतला, पापण्या वर केल्या. मग खुंट्यापाशी गेल्या आणि काय बघत बसल्या असतील? लीद. सुपारीएवढ्या चार-पाच गोळ्या, वाळलेल्या, त्यावर शेंबडासारखा चिकट थर. बस, तेवढीच.

मग परत आल्या आणि राणीच्या नाकावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

नाकावरनं आडवी, बोटभर रुंद एक रेघ होती. तिथले केस घासून गेलेले. ताजी.

गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "तोंड बांधलं वाटतं! तोंड बांधून पाजलं!"

मॅडम उठल्या, हात पुसले. "संध्याकाळपर्यंत काढेल ही. तोवर हिला काय झालंय आणि कधीपासून, हे कळलं तर काहीतरी करता येईल. नाही कळलं, तर मीपण तुमच्यासारखीच. बघत बसणार."

२

नंदामावशी, म्हणजे आबांची बायको, चहा घेऊन आल्या. बरोबर बिस्किटं. आबांनी चहा घेतला, बिस्कीट उचललं आणि बशीच्या कडेला तसंच ठेवलं. मला वाटलं, घशाखाली उतरत नसेल बिचाऱ्यांच्या.

संशयित दोन. गावानं आम्हाला पाच मिनिटांत सगळं सांगितलं.

पहिला अतुल, रिसॉर्टचा मॅनेजर. राणी रोज पहाटे सहाला रेकते, पाहुणे खिडकी उघडून शिव्या घालतात. दिवसा तेच पाहुणे कंपाऊंडवरनं तिला चिक्की, पाव, भाजलेली कणसं टाकतात आणि व्हिडिओ काढतात. म्हणून तर ती एवढी सुटलेली. आणि काम? वरच्या बंगल्यांपर्यंत आता सिमेंटचा रस्ता झालाय, टेम्पो वर जातो, त्यामुळे विटा-वाळू वाहायला गाढव लागतंय कुणाला?

दुसरा गोरख, आबांचा भाचा, घोरावाडीकडे राहतो. तिकडे वीटभट्टीवर त्याचं काम. आबांकडे दोन गाढवी होत्या, राणी आणि हरणी, सहा वर्षं एकाच खुंट्याला. आधीच्या सोमवारी गोरख हरणीला विकत घेऊन गेला. त्याला राणीपण हवी होती. आबा म्हणाले, गाभण जनावर देत नाही. तो म्हणाला, बघून घेतो मामा, कशी पोसता ती.

"हरणी गेल्यावर हिनं काय केलं?" मॅडमनी विचारलं.

"रडली," आबा म्हणाले. "दोन दिस नुसती रेकत हुती रस्त्याकडं त्वांड करून. मग गप झाली. मग मी हिला दवाखान्यात आणली. ह्या पोरीला दावली की, बुधवारी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

हो, मला दाखवली होती. मॅडम त्या दिवशी लसीकरणाच्या कॅम्पला, मी दवाखान्यात एकटी. आबा म्हणाले सुस्त आहे, अर्धंच खाते. मी बघितलं तर ही एवढी जाड! मला पप्पांचं आठवलं, मागच्या महिन्यात त्यांचं कोलेस्टेरॉल निघालं ना. मला एकदम भारी वाटलं, आपण स्वतः निदान करतोय. म्हटलं, आबा, रक्त तपासू, उद्या सकाळी मी घरी येते, तोवर काही खायला देऊ नका, रिकाम्या पोटी लागतं. आबा मान डोलवत होते, शाळेतल्या मुलासारखे. गुरुवारी मॅडम मलापण कॅम्पला घेऊन गेल्या, आबांना फोन केला, उद्या येते. शुक्रवारी कॉलेजात तोंडी परीक्षा, परत फोन. शनिवारी गेले एकदाची. लॅब सोमवारी उघडणार होती. बस, एवढंच.

पण एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नव्हती. सांगणार होते, पण लाज वाटत होती.

तेवढ्यात मॅडम राणीच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला करत होत्या. थांबल्या.

"इथं टोचलंय," म्हणाल्या. "सुईची खूण आहे."

गर्दीत एकच गलका. "टोचलं! विषाची सुई टोचली!" दोघं-तिघं रिसॉर्टच्या गेटकडे निघालेसुद्धा. आणि ती सुई माझी होती.

३

मी मॅडमच्या कानात सांगितलं. रक्त मी घेतलंय, शनिवारी, बाटली फ्रीजमध्ये लसींच्या खोक्यांमागे आहे, आणि ती मी लपवलीये.

"लपवली? का?"

"खराब झाली मॅडम. माझ्या हातून काहीतरी चुकलं."

"जा. घेऊन ये."

स्कूटीवर जाऊन आले, वीस मिनिटांत. बाटली मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरली.

रक्त ठेवून दिलं की लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, पायल, तुला लॅबमधलं माहितीये. पण ह्या बाटलीत वरचं पाणी पांढरं होतं. दूध. अगदी चहात घालतो ते दूध. शनिवारीपण दहा मिनिटांत असंच झालं होतं, आणि मला वाटलं माझ्या बाटलीतच आधीचं काहीतरी राहिलं असेल, म्हणून मी घाबरून मागे सरकवून ठेवली. कुणाला दाखवली नाही. दोन दिवस.

आबांच्या शेजारचा एक म्हातारा काठी टेकत पुढे आला, बाटलीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "रुईचा चीक हाय ह्यो. रगतात रुईचा चीक मिसळलाय."

झालं! कंपाऊंडच्या कडेनं रुईची झाडं आहेतच. आबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ते राणीच्या कानात काहीतरी पुटपुटत होते.

मॅडम मात्र बाटली धरून उभ्या. रागावलेल्या नाहीत, चकित नाहीत. फक्त एकदम थकल्यासारख्या. मग बॅग उघडली, ग्लुकोजचं सलाईन काढलं, राणीच्या मानेला लावलं आणि मला म्हणाल्या, "गोरखला फोन लाव. हरणीला टेम्पोत घालून ताबडतोब इकडे आण म्हणावं."

"हरणीला? मॅडम, तो तर संशयित..."

"आण म्हणावं. आणि अतुलला इथं बोलव, कुणी हात लावायच्या आधी."

"विष कळलं तुम्हाला?"

"कळलं," मॅडम म्हणाल्या. "आता ते कोणी दिलं आणि किती दिवस दिलं, तेवढं बघायचंय."

४

अतुल आला तो दोन वॉचमनच्या मधे. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, गळ्यात रिसॉर्टचं कार्ड, घामाघूम.

मला वाटलं मॅडम विचारतील, तू हिला काय दिलंस. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"ही शेवटचं खाताना तू कधी पाहिलीस?"

"मी? मॅडम, मी कशाला..."

"तुझ्या ऑफिसची खिडकी समोर आहे."

अतुलनं मान खाली घातली. "खरं सांगू? मला ती आवडायची. गेस्टसमोर बोलावं लागतं, बंदोबस्त करतो वगैरे. पण रोज नाश्त्याची उरलेली चिक्की मीच टाकायचो. शुक्रवारी टाकली, तर तिनं घेतलीच नाही. म्हणजे, घेता आली नाही. तोंडाला जाळी होती."

"जाळी?"

"दोरीची. बैलाला बांधतात तसली."

मी पळत कंपाऊंडपाशी गेले. तिथे खुंट्याच्या समोरच चिक्कीचे तुकडे पडलेले, काळे, मुंग्यांनी भरलेले. म्हणजे तो खरं बोलत होता. आणि शुक्रवारी जाळी होती. आज नाही.

"खोटं!" गर्दीतनं कुणीतरी म्हणालं. "ह्यानंच बांधली आसंल!"

मॅडमनी आबांकडे बघितलं. आबा राणीच्या अंगावरच्या माशा वारत होते.

गोरख दुपारी पोचला. टेम्पो अजून मागे होता, तो स्वतः बाईकवर पुढे आलेला. अंगावर विटेची लाल धूळ. गर्दीनं त्याला वाट दिली ती मारायला देतात तशी.

"मामा, आईची शपथ, म्या काय न्हाई केलं," तो आल्या आल्या म्हणाला.

"गुरुवारी आला हुतास का न्हाई?" तो काठीवाला म्हातारा.

"आलतो! हरणी तिकडं खाईना, म्हणून इचारायला आलतो, हितं काय देत हुता तिला. येताना राणीला बाजरीच्या पिठाचा गूळ घातलेला गोळा आणलेला."

"गोळ्यात काय हुतं?"

"गूळ! पर तिनं खाल्लाच कुटं? म्या त्वांडाजवळ नेला, तर मामानं हातातनं काढून घेतला. म्हणले, न्हाई द्यायचं, काय न्हाई द्यायचं हिला. मला वाटलं मामाला माझा राग हाय."

सगळे आबांकडे वळले. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "हरणी तिकडे काहीच खात नाही?"

"सुरवातीला न्हाईच. आता घरच्या शेळ्यांत बांधतो, तवा दोन घास खाती."

"बरं केलंस," मॅडम म्हणाल्या आणि उठून थेट घरात गेल्या, नंदामावशींकडे. मी मागोमाग.

मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा, झाकण न बसणारा. मॅडमनी त्यात हात घातला. कोंडा, काठोकाठ.

"नवीन आणला का?"

"कुटला नवा?" मावशी म्हणाल्या. "तिच्याच वाटणीचा हाय. रोज सकाळी म्या पाटीत काढायची, आन् रोज ह्यांनी म्हणायचं, वत माघारी. बुधवारपासनं वततीया. आन् भाकऱ्यांचं तेच! म्या दोघांच्या थापायच्या, आन् ह्यांची तशीच."

"ह्यांची? आबांची?"

"ती उपाशी, मंग मी कसा खाऊ, म्हणत्यात. पाच दिस झालं, निस्त्या च्यावर हायत. आता ह्या वयात का..." मावशींनी पदर डोळ्याला लावला. "पर डाक्टरीणबाईनी सांगितलंय म्हणल्यावर मी काय बोलनार?"

मॅडम म्हणाल्या, "मी बुधवारी कॅम्पला होते, मावशी."

"तुमी न्हवं," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. कौतुकानं. "ह्या. लहान डाक्टरीणबाई."

५

मॅडमनी मला परसात नेलं. तिथे तुळशीमागे भिंतीला खिळा होता आणि खिळ्याला दोरीचं मुसकं टांगलेलं, जनावरानं भलतं काही खाऊ नये म्हणून बांधतात ते. त्यावर करडे केस चिकटलेले.

"शनिवारी रक्त घेतल्यावर तू आबांना काय म्हणालीस? शब्दन् शब्द सांग."

मी आठवलं. आठवायला काही कष्ट पडले नाहीत, कारण ते बोलताना मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

"म्हटलं, आबा, झालं. आता रिपोर्ट आला की सांगते काय द्यायचं ते."

"पुढे?"

"पुढे काही नाही मॅडम. बॅग उचलली आणि निघाले."

"आता खायला द्या, असं म्हणालीस?"

मी मान हलवली. नाही. कोंबडी पायाशी मातीत उकरत होती.

"त्या बाटलीत चीक नाही," मग त्या म्हणाल्या. "ती हिचीच चरबी आहे. आपण उपाशी राहिलो तर अंगातली चरबी हळूहळू जळते. गाढवाचं तसं नाही, त्यातून लठ्ठ असलं, गाभण असलं, की फारच वाईट. पोटात चार घास गेले नाहीत आणि वर मनाला धास्ती असली, की अंग सगळी चरबी एकदम रक्तात ओतायला लागतं. धरण फुटल्यासारखं. ती यकृतात साचते, यकृत बसतं, मग भूक आणखी मरते. मग आणखी चरबी. हरणी गेली तेव्हा हिनं अर्धं खाणं सोडलं होतं. त्या दिवशी हिला हवी होती सोबत, आणि मिळेल ते खाणं. हातानं भरवायचं, गूळ, पाला, काहीही."

"आणि मी उरलेलं अर्धं बंद केलं."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील.

"शनिवारी बाटली दाखवली असतीस तर अजून काही हातात होतं," एवढंच म्हणाल्या. आणि मग, "तुला एकटीला दवाखान्यात ठेवून गेले, ते माझं. ते मी लिहून देईन. पण तुझं तुला आहे."

"आता किती चान्स आहे मॅडम?"

"एक-दोन दिवस झाले असते तर ओढून काढली असती. पाच दिवस." त्यांनी मुसकं खिळ्यावरनं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

बाहेर आवाज वाढला होता. कुणीतरी अतुलची कॉलर धरली होती, कुणी पोलीस चौकीत चला म्हणत होतं. मॅडम दारात उभ्या राहिल्या, पण बोलल्या नाहीत. बोलायचं मी होतं.

६

शप्पथ सांगते, तोंडी परीक्षेत कधी एवढी घाबरले नव्हते. मुसकं हातात घेऊन गेले त्या गर्दीच्या मधे. म्हटलं, सोडा त्याला. ह्यानं काही केलेलं नाही. गोरखनंही नाही. विष कुणी घातलंच नाही. राणी उपाशी आहे बुधवारपासून, आणि उपाशी ठेवा असं मी सांगितलं. गाढवाला तसं चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि रक्त घेतल्यावर आता खायला द्या असं सांगायला मी विसरले.

कॉलर सुटली. मला वाटत होतं कुणीतरी ओरडावं, दगड मारावा, काहीतरी करावं. कुणी केलं नाही. अतुल कंपाऊंडला टेकून खाली बसला. माणसं एकेक करून कामाला निघून गेली.

आबा माझ्या हातातल्या मुसक्याकडे बघत होते.

"त्ये म्याच बांधलं," म्हणाले. "माझ्या हातानं. वरनं लोक कणसं टाकत्यात, ती खाईल, आन् मंग तुमचं रगात बिघडंल, म्हणून. काल रातच्याला सोडलं, तवर तिला तोंडच उघडंना."

"आबा, माझं चुकलं."

"गाढवासाठी सुई घिऊन कोण येतं घरला, बाय? आजवर कोण आलं न्हवतं. तुमी आला. म्हणून मला वाटलं, ही पोर सांगंल तसंच करायचं. येक दाना कमी न्हाई, येक दाना जास्त न्हाई."

मी मुसकं खाली ठेवलं आणि राणीच्या डोक्याशी बसले.

चारच्या सुमाराला टेम्पो आला. फळी लावली, हरणी उतरली, बारीक, काळसर, राणीच्या निम्मी. उतरल्या उतरल्या तिनं असं काही रेकून दिलं की रिसॉर्टच्या चार खिडक्या उघडल्या. आणि राणीचे कान उभे राहिले. दोन्ही! सकाळपासून पहिल्यांदा. मी मॅडमचा हात धरला. हरणी आली, राणीच्या मानेवर हनुवटी टेकवून उभी राहिली, आणि राणीनं तोंड हलवलं. मी पळत जाऊन लसूणघासाचा हिरवा चारा आणला, तिच्या ओठाशी धरला. तिनं दोन काड्या घेतल्या. दोन. चावल्या, गिळल्या.

"खातीया!" आबा म्हणाले. "डाक्टरीणबाई, खातीया!"

मॅडमनी सलाईनची धार वाढवली, नळीनं पेज पाजली, यकृताचं म्हणून होतं नव्हतं ते इंजेक्शन दिलं. मला म्हणाल्या पाय चोळ, मी पाय चोळले. गोरखनं गोणपाट पांघरलं. अतुल गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन आला, पाहुण्यांच्या कंबरेसाठी असतात त्या. सगळे होतो आम्ही तिथे, सकाळचे सगळे संशयित, प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि कुणाच्याच हातात काही नाही.

तिसरी काडी तिनं घेतली नाही. साडेपाचला गेली. पोटातलं शिंगरू तिच्यानंतर थोडा वेळ हललं, मला हाताला लागलं, आणि मग तेही थांबलं. मॅडमनी स्वतः सुई काढली आणि त्या जागी बोट दाबून धरलं, जिवंत जनावराचं रक्त थांबवतात तसं.

हरणी हलली नाही. गोरख तिला ओढायला गेला तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे. हुंगू दे तिला. तिला कळू दे. आणि हिला परत नेऊ नकोस आज, इथंच बांध. आजची रात्र हिनं काही खाल्लं पाहिजे. नाही खाल्लं तर..."

पुढचं आम्हाला सगळ्यांना आता पाठ होतं.

मग नंदामावशी ताट घेऊन आल्या. भाकरी आणि पिठलं. आबांच्या पुढे ठेवलं. "आता तरी," म्हणाल्या.

आबा ताटाकडे बघेनात. माझ्याकडे बघत होते. आणि एकदम साध्या आवाजात, बुधवारी दवाखान्यात बोलले होते तसंच, विचारलं,

"पोरी, सोडू का आता?"

मॅडमनी माझ्या पाठीला हात लावला, नुसता लावला.

"सोडा आबा," मी म्हटलं. "खा आता. आणि हरणीलापण द्या."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तळहातावर घेतला आणि आधी हरणीच्या तोंडाशी नेला. तिनं हुंगला. मान फिरवली.

आबा हात तसाच धरून बसले, खूप वेळ. मग तो तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावायला लागले, मोठ्यानं, मचमच आवाज करत, लहान पोराला दाखवतात ना, बघ मी खातो, तसं. घास गिळताना त्यांना ठसका लागला. मावशींनी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानं थांबवलं. दुसरा तुकडा मोडला.

हरणीचा एक कान त्या आवाजाकडे वळला.

आम्ही सहाजण तिथेच मातीत बसलो होतो, आणि सगळे तो कान बघत होतो.